देशावरील कुंडीतला अनंत

अनंत हे झुडूप कोकणात व गोव्यात परसदारी सहज वाढते. विहिरीच्या काठी, माडाच्या विरळ सावलीत ते वर्षानुवर्षे उभे असते. त्याची कोणी विशेष विचारपूस करीत नाही. तरीही उन्हाळ्याच्या अखेरीपासून ऐन पावसाळ्यापर्यंत ते जाड पाकळ्यांच्या, पांढऱ्याशुभ्र, सुवासिक फुलांनी भरून जाते. हेच झुडूप घाट चढून देशावर आले, म्हणजे मात्र कुंडीत दोन वर्षे धड टिकत नाही. माहेराहून आणलेले, बदलीच्या सामानाबरोबर आलेले किंवा रोपवाटिकेतून कळ्यांसह विकत घेतलेले रोप पहिले काही महिने तजेलदार दिसते. पुढे नवी पालवी फिकट येऊ लागते, कळ्या न उमलता गळतात, फांद्यांचे शेंडे वाळतात आणि एखाद्या वैशाखात कुंडी रिकामी होते.

या मधल्या काळात घरची मंडळी स्वस्थ बसलेली नसतात. पाने पिवळी पडली म्हणजे झाड उपाशी आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे प्रथम युरिया घातला जातो. त्याने गुण न आल्यास चुलीतील राख, अंड्यांची टरफले किंवा हाडांचा चुरा घालण्यात येतो आणि पाणी वाढविले जाते. हे सर्व उपाय प्रेमापोटी केलेले असतात. परंतु त्यांपैकी बहुतेक उपाय रोग वाढविणारे आहेत. अनंताला भूक लागलेली नसते. त्याच्या मुळाशी चुना साठलेला असतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या एका घरगुती झुडुपाकडे लक्ष देण्याचे कारण येथेच आहे. चुनखडीयुक्त जमिनीत भुईमूग पिवळा पडतो, उसावर केवडा पडतो, मोसंबी व संत्र्याची नवी पालवी पांढुरकी निघते. या सर्वांमागे जे कारण असते, तेच कारण ओसरीवरच्या कुंडीत असते. शेतात चुकीच्या खताचा खर्च एकराच्या हिशेबाने अंगावर पडतो. कुंडीत तोच धडा अल्प खर्चात व थोड्या आठवड्यांत डोळ्यांसमोर उभा राहतो.

झुडुपाची ओळख

अनंत हे मूळचे चीन, जपान व त्या बाजूच्या प्रदेशातील झुडूप असून ते कॉफीच्या कुळातील आहे. त्याचे शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉइडिस. अलेक्झांडर गार्डन या वैद्यावरून हे नाव जॉन एलिस याने १७६१ साली दिले. चीन-जपानकडे एकेरी फुलांच्या जातीच्या फळांपासून पिवळा रंग काढतात. आपल्याकडे दुहेरी फुलांची जात अधिक लावतात व तिला सहसा फळ धरत नाही. ज्या डिकेमालीचा डिंक आपल्या घरगुती औषधात वापरतात, ती डिकेमाली याच वंशातील होय.

रोप विकत घेताना एक खात्री अवश्य करून घ्यावी. दुहेरी तगर आणि अनंत यांत अनेकांची गल्लत होते. कित्येकदा विक्रेत्याचीही होते. तगरीचे पान तोडल्यास पांढरा चीक येतो. अनंताच्या पानास चीक येत नाही. अनंताचे पान जाड, गर्द हिरवे व तुळतुळीत असते, कळी पिळलेल्या कापडासारखी वळलेली असते आणि उमललेले फूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोण्याच्या रंगाचे होते. तगर ही सोशीक असून काळ्या जमिनीतही सुखाने वाढते. देशावर एखाद्याच्या ‘अनंता’ला कशानेच काही होत नसेल, तर त्याने एक पान तोडून पाहावे हे बरे.

पिवळेपणा कसा वाचावा

पिवळे पान दिसताच खताच्या पिशवीकडे हात जाऊ नये. प्रथम कोणते पान पिवळे आहे ते पाहावे. खालची, जुनी पाने सरसकट पिवळी होऊन गळत असतील व शेंड्याकडील पाने हिरवी असतील, तर नत्राची उणीव असू शकते किंवा ती पाने केवळ वयाने गळत असतील. सदाहरित झुडूपही आपली जुनी पाने टाकीत असते. याउलट शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, अशी जाळी दिसू लागली, तर तो लोहाच्या उणिवेचा केवडा समजावा. रोग वाढल्यास शिराही फिकट होतात, पान जवळजवळ पांढरे पडते व कडेने करपते.

झाडाच्या शरीरात नत्र जुन्या पानांतून निघून नव्या पानांकडे जाऊ शकते. लोह तसे जात नाही. एकदा पानात बसलेले लोह तेथेच राहते. म्हणून मुळांकडून होणारा पुरवठा तुटताच त्याची पहिली झळ नव्या पालवीला लागते.

आता मातीत लोह नसते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. लोह भरपूर असते. देशावरील माती काळ्या पाषाणापासून झालेली आहे आणि त्या पाषाणात लोह पुष्कळ आहे. परंतु ते मुळांनी उचलता येईल अशा विद्राव्य रूपात असावे लागते. मातीचा सामू ५ ते ६ च्या दरम्यान, म्हणजे किंचित आम्लधर्मी असला, तर अनंताला लागेल तेवढे लोह विरघळते. सामू ७.५ च्या वर गेला, की तेच लोह गंजासारखे घट्ट होऊन बसते. काही झाडांची मुळे स्वतः आम्ल सोडून थोडेफार लोह सोडवून घेतात. चुनखडीची माती ते आम्ल तेथल्या तेथे मारून टाकते. कोठारात धान्य आहे, पण कुलूप लागलेले आहे, अशी ही स्थिती होय. वर आणखी युरिया घातला म्हणजे झाड नवी पालवी फोडते, त्या पालवीलाही लोह मिळत नाही, आणि घरात खाणारी तोंडे तेवढी वाढतात.

कोकणात हे का होत नाही, याचे उत्तर पावसात आहे. रत्नागिरीच्या बाजूस वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याने जांभ्याच्या जमिनीतील चुना हजारो वर्षांत धुऊन नेला आहे. सोलापूरकडे ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाने चुना वरच्या थरातून सुटतो खरा, परंतु वाहून न जाता थोडा खाली जाऊन बसतो. नांगरताना वर येणारे पांढरे खडे ते हेच.

माती सुधारू नये, बदलावी

काळ्या मातीत गंधक मिसळून तिचा सामू खाली आणण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. मातीतील जंतू गंधकापासून आम्ल तयार करतात, हे खरे आहे. परंतु हिशेब करून पाहावा. मध्यम कुंडीत १० किलो माती मावते असे धरू. तिच्यात शेकडा ५ भाग चुनखडी असेल, तर त्या कुंडीत ५०० ग्रॅम चुनखडी झाली. ती सर्व संपविण्यास सुमारे १६० ग्रॅम गंधक लागेल, आणि त्या क्रियेतून कुंडीतच ८०० ग्रॅमांहून अधिक जिप्सम तयार होईल. हे काम जंतूंच्या हातून होण्यास कित्येक महिने लागतात. तोपर्यंत अनंत वाट पाहत नाही. ज्या मातीत चुनखडी जवळजवळ नाहीच, केवळ सामू थोडा चढलेला आहे, तेथे चिमूटभर गंधकाचा उपयोग होतो. शेकडा ५ चुनखडीच्या मातीला गंधक पाजीत बसण्यात अर्थ नाही.

शेताची माती बदलता येत नाही. कुंडीची येते, आणि कुंडीचा खरा लाभ हाच आहे.

माती चुनखडीची आहे की नाही हे पाहण्यास प्रयोगशाळेपर्यंत जाण्याची गरज नाही. वाटीत वाळलेली माती बारीक करून घ्यावी व तिच्यावर चमचाभर व्हिनेगर किंवा ताज्या लिंबाचा रस घालावा. बुडबुडे येऊन माती फसफसली, तर ती अनंताच्या उपयोगाची नाही. आवाज क्षीण असल्यास वाटी कानाशी धरावी. ज्यांच्या शेताची मृद आरोग्य पत्रिका आहे, त्यांनी तिच्यावरील सामूचा आकडा पाहावा. २०१५ साली सुरू झालेल्या या पत्रिकेत सामू व लोह हे दोन्ही आकडे असतात. मात्र लोहाचा आकडा पुरेसा दिसला तरी चुनखडीच्या जमिनीत तेवढ्यावर विसंबून राहू नये.

कुंडीसाठी मिश्रण पुढीलप्रमाणे करावे. चुनखडी नसलेली तांबडी माती दोन भाग, पालापाचोळ्याचे चांगले कुजलेले खत दोन भाग, नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात, तो एक भाग आणि जुने शेणखत एक भाग. तांबडी माती चिकट असल्यास नदीची जाड वाळू एक भाग मिसळावी. वाळूचीही वरील परीक्षा घ्यावी, कारण काही वाळूत शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे कण असतात. कोकोपीट दोन वेळा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे, म्हणजे त्यातील क्षार निघून जातात. भाताचा तूस मिळत असेल तर पसाभर घालण्यास हरकत नाही. त्याची राख मात्र नको. कोणतीच राख नको. चुलीची राख अल्कधर्मी असते; वांग्या-मिरचीच्या आळ्यात एखादे वेळी ती चालून जाईल, अनंताच्या कुंडीत ती विषासमान आहे.

कुंडी मातीची, १० ते १२ इंच तोंडाची घ्यावी. सिमेंटची नवी कुंडी घेऊ नये, कारण तिच्या अंगातून कित्येक महिने चुना सुटत असतो. ती वापरणे भागच असेल तर एक पावसाळा उघड्यावर रिकामी ठेवावी. प्लॅस्टिकची कुंडी चालते. तिच्यात पाणी अधिक काळ टिकते, एवढे ध्यानात ठेवून पाणी कमी द्यावे. तळाशी विटांच्या तुकड्यांचा वीतभर थर घालण्याची जुनी चाल आहे. त्या थराने निचरा सुधारत नाही. उलट, पाणी त्या थराच्या वर मातीतच अडून राहते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर एक वाकडी खापरी पालथी ठेवली म्हणजे पुरे. ती खापरी जुन्या चुन्याच्या बांधकामातली नसावी.

रोप लावताना त्याचा मातीचा गोळा पूर्वी जितका उघडा होता तितकाच राहू द्यावा; खोड अधिक खोल पुरल्यास ते कुजते. पिशवीतील मुळे गोल गुंडाळलेली दिसली तर ती हाताने मोकळी करावी. लावणीस मृगाचा पाऊस पडून गेल्यानंतरचा काळ उत्तम. दर दोन वर्षांनी याच सुमारास झाड काढून, बाहेरची मुळे बोटभर छाटून, नव्या मिश्रणात पुन्हा भरावे.

पाण्याचा हिशेब

माती बदलून अर्धेच काम होते. उरलेले अर्धे पाण्याचे आहे, आणि तेथेच बहुतेक घरांची चूक होते.

देशावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, ते पाणी जड समजावे. अशा पाण्याच्या एका लिटरात ३०० मिलिग्रॅम चुना असणे ही काही विशेष गोष्ट नाही. कुंडीला रोज दीड लिटर पाणी दिले, तर दिवसाला जवळजवळ अर्धा ग्रॅम चुना आपण हाताने मातीत घालतो. पावसाचे दिवस सोडून वर्षाचे ३०० दिवस धरले, तर तो सुमारे १३५ ग्रॅम होतो. कोकणातून गोणीभर तांबडी माती आणून, घरच्या विहिरीचे पाणी घालून, दोन वर्षांत तिची देशावरची माती करून दाखविण्याचा हा प्रकार आहे. पहिले वर्ष झाड चांगले असते व मग बिघडते, याचे रहस्य येथे आहे.

यावर पावसाचे पाणी हाच खरा उपाय होय. १० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० लिटर पाणी मिळते, आणि एका कुंडीची वर्षाची गरज ४५० लिटर आहे. पन्हळीखाली २०० लिटरांची दोन पिंपे ठेवली तर दोन-तीन चांगल्या सरींत ती भरतात. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी सोडून द्यावे. पिंपाच्या तोंडाला जाड कापड घट्ट बांधावे. नाहीतर अनंताबरोबर डासही पोसले जातील. दोन पिंपांना जागा नसेल, तर एक पिंप भरून ठेवून पावसाचे व विहिरीचे पाणी आलटून पालटून द्यावे. त्यानेही साठणारा चुना निम्म्यावर येतो. शिवाय आषाढ-श्रावणात कुंडी उघड्यावर ठेवून द्यावी, म्हणजे वर्षभरात साठलेले क्षार पावसाने धुऊन जातात. कुंडीखाली ताटली असल्यास या दिवसांत ती काढून ठेवावी.

पावसाचे पाणी संपल्यास विहिरीचे पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे व थंड झाल्यावर वरचे निवळ पाणी घ्यावे. उकळल्याने चुन्याचा मोठा भाग तळाशी बसतो. जळणाचा विचार करता हे रोजचे काम नव्हे. चैत्र-वैशाखात अडचण भागविण्यापुरते ते ठीक आहे. पाण्यात लिंबू पिळून घालण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात. त्याने पाण्याचा सामू त्या वेळेपुरता उतरतो, परंतु मातीतील जंतू लिंबातील आम्ल थोड्याच दिवसांत फस्त करतात आणि पाण्यातून आलेला चुना जागच्या जागी राहतो.

अलीकडे गावोगावी पाणी शुद्ध करण्याची आरओ यंत्रे बसली आहेत. त्यांतून वाया जाणारे पाणी झाडांना घालावे, असे अनेकांना वाटते. पाणी वाया जाऊ न देण्याची ही बुद्धी चांगली आहे. पण त्या पाण्यात मूळ पाण्यातील क्षार आणखी दाट झालेले असतात. ते अंगण धुण्यास वापरावे, अनंताला घालू नये. शहरातील घरी वातानुकूलन यंत्रातून जे पाणी ठिबकते, ते मात्र चुन्यापासून मुक्त असून या कामी चांगले चालते.

पाणी केव्हा द्यावे, हे घड्याळावरून ठरवू नये. बोट दोन पेरांइतके मातीत घालून पाहावे. वरचा थर कोरडा व आतील माती ओलसर लागली, की पाणी द्यावे आणि ते छिद्रातून बाहेर येईपर्यंत द्यावे. उन्हाळ्यात हे रोज करावे लागेल, थंडीत तीन-चार दिवसांनी. माती सतत चिखलासारखी राहिली तरीही केवडा येतो, कारण हवा न मिळाल्याने मुळे लोह उचलू शकत नाहीत. पावसाची झड लागली असता भुईमुगाचे पीक पिवळे पडते व उघडीप मिळताच पुन्हा हिरवे होते, हा अनुभव शेतकऱ्यांना नवा नाही.

जागा आणि कळ्या

सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली, अशी पूर्वेकडील ओसरी अनंताला मानवते. घरात, खिडकीपासून दूर ठेवलेले झाड पाने टिकवील, फुले देणार नाही. उन्हाळ्यात गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर कुंडी ठेवणे म्हणजे मुळे भाजणे होय. दोन विटांवर कुंडी उचलून ठेवावी आणि शक्य तर ती मोठ्या कुंडीत बसवून मधल्या जागेत ओला भुसा भरावा.

कळ्या गळण्याची तक्रार केवड्याच्या खालोखाल येते. रात्रीचे तापमान १६ ते १८ अंश सेल्सियसच्या आसपास असताना अनंतास कळ्या उत्तम धरतात. देशावर फाल्गुनानंतर रात्रीही तापू लागतात आणि हवा एकदम कोरडी होते. त्यात एखादे दिवशी पाणी चुकले, की बोटभर वाढलेली कळी देठासह खाली पडते. याच काळात कुंडीची जागा बदलल्यासही कळ्या गळतात. म्हणून कळ्या दिसू लागल्यावर कुंडी हलवू नये, मातीवर पालापाचोळ्याचे दोन बोटे आच्छादन घालावे आणि पाणी एक दिवसही चुकवू नये. ऐन थंडीत पालवी थोडी फिकट झाली तर घाबरून जाऊ नये. थंड मातीत मुळांचे काम मंदावते. ऊब येताच रंग परत येतो.

आजारी झाडास तातडीचा उपाय

केवडा पडलेले झाड भर उन्हाळ्यात नव्या मातीत हलविणे धोक्याचे असते. तोपर्यंत लोह देऊन त्यास तगवावे. एक लिटर मऊ पाण्यात ३ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन वेळा फवारावे. द्रावण ताजे असावे; ते गंजाच्या रंगाचे झाले असल्यास फेकून द्यावे. पंधरवड्यात नव्या पालवीवर हिरवे ठिपके उमटू लागले, तर निदान बरोबर ठरले. शेतातील पिकाच्या पिवळेपणाचे कारण लोह आहे की नत्र, अशी शंका आल्यास चार झाडांवर हीच परीक्षा घेता येते.

हिराकस चुनखडीच्या मातीत घालून उपयोग होत नाही, कारण त्यातील लोह थोड्याच वेळात पुन्हा कुलूपबंद होते. मातीतून द्यावयाचे असल्यास चिलेटेड लोह वापरावे, आणि ते घेताना पुडक्यावरील अक्षरे वाचावीत. दुकानात सहज मिळणारे ईडीटीए प्रकारचे लोह सामू ६.५ च्या वर गेल्यास टिकत नाही. चुनखडीत टिकणारे लोह ईडीडीएचए प्रकारचे असते. त्याचे द्रावण गडद तांबडे दिसते. ते महाग असले तरी १२ इंची कुंडीस सुमारे २ ग्रॅम, पाण्यात विरघळवून, एवढेच लागते. नाव न वाचता स्वस्त म्हणून पहिले आणले, तर तो पैसा चुन्यात गेला असे समजावे.

खत, कीड, छाटणी

निरोगी अनंताची खताची गरज बेताची असते. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट दोन लिटर पाण्यात विरघळवून ओल्या मातीत द्यावे. हे खत मातीस आम्लतेकडे नेते, म्हणून येथे युरियापेक्षा ते बरे. कॅल्शियमयुक्त खते व हाडांचा चुरा वर्ज्य.

पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि मावा पानांखाली बसतात. त्यांच्या चिकट स्रावावर काजळी धरते. हाताने पुसून घ्यावे व ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. एका रात्रीत पाने नाहीशी झाली आणि खाली हिरव्या-काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या, तर शेपटीवर शिंग असलेली जाड हिरवी अळी शोधावी. ती पानाच्या रंगाशी इतकी मिळून जाते की तीन वेळा पाहूनही सापडत नाही. सापडल्यावर वेचून टाकली की काम संपले. औषधाची गरज नाही.

छाटणी बहर संपताच, श्रावण-भाद्रपदात करावी. पुढील कळ्या याच काळानंतर वाढणाऱ्या शेंड्यांवर येतात. थंडीत हौसेने कात्री चालविणाऱ्यास फुले मिळत नाहीत.

छाटणीत निघालेल्या फांद्या वाया घालवू नयेत. फार कोवळ्या नाहीत व फार जून नाहीत अशा ४ ते ६ इंचांच्या छाटांची खालची पाने काढून त्या धुतलेल्या ओल्या वाळूत लावाव्यात आणि वर पारदर्शक पिशवीची टोपी घालून सावलीत ठेवाव्यात. सहा ते आठ आठवड्यांत मुळे धरतात. टोपी एकदम न काढता आठवडाभर थोडी थोडी उघडून रोपांना हवेची सवय करावी व मग वरील मिश्रणाच्या लहान पिशव्यांत ती लावावीत. शेजारी-पाजारी रोप देताना सोबत घमेलेभर मिश्रणही द्यावे, आणि घेणाऱ्याच्या घरी पाणी तापविण्याच्या भांड्याला थर धरतो काय, ते विचारून घ्यावे.